आश्रुबाची साडेसहाची जोडी

माझा भाऊ आश्रुबा कामचुकार नव्हता, पन त्याचं काम कधी घरच्या उपेगाचं नसायचं. बापानं औतावर धाडला तर ह्यो औताचं जू उलटंपालटं करून बघत बसायचा. एकदा ऐन उन्हाळ्यात चालती मोट थांबवली आन तिचं चाक उतरवून मांडीवर घेऊन बसला. कावून? तर म्हने, "कुरकुरतंय, कुटं झिजलंय ते बघतो." तिकडं मिरचीचं रोप वाळून गेलं. बापानं आसूडानं फोडला, तरी मांडीवरलं चाक काही खाली आलं न्हाई. अशा मानसाला काय करावं, सांगा.

मी त्याची थोरली बहीन, दगडाबाई. मालक पटकीत गेले तवापासून ह्याच भावाच्या घरी हाय. नाव दगडाचं आन जीभ विळ्याची, असं लोक म्हनत्यात. म्हनू द्या. खोटं मला बोलता येत न्हाई आन गोड बोलायला मी काही सोयरीक जमवाया आलेली न्हाई.

सरकार निजामाचं व्हतं तवाची ही गोष्ट. आश्रुबा मिसरूड फुटायच्या आत पळून जालन्याला गेला आन तिथं कापसाच्या जिनिंगात लागला. मोठं चाक बारक्या चाकाला कसं फिरवतं, पट्टा कुटं ढिला पडतो, ते समदं तिथं शिकला. परत आला तो अंगाला तेलाचा वास घेऊनच. त्याची नखं पुन्ना कधी पांढरी झाली न्हाईत. बोटं काळी म्हनून जेवताना ताट मनगटानं जवळ वढायचा. बोलनं तर लई कमी. खुश झाला तरी "हूं" आन चिडला तरी "हूं". दोनीतला फरक फकस्त रतनला कळायचा.

रतन म्हंजे त्याची बायको. माहेर घाटावरचं. आमी बीडात, खाली. तिचं गाव मांजरसुंब्याचा घाट चढून वर गेलं की नेकनूरच्या वाटंवर. पोरगी मोठी हसरी व्हती. पानी आनाया निघाली की आळीतल्या चार बाया तिच्यामागं निघायच्या, निस्तं तिचं बोलनं ऐकाया. मंग एका सालात तिला ताप आला. ताप उतरला, पन जाताना पायातलं बळ घेऊन गेला. झाडपाला केला, हकीमाचं औषध केलं, नवस केले. पाय काही उठले न्हाईत. बसल्या जागी दळायची, भाकरी थापायची, गोधड्या शिवायची. तिला उचलून भाईर ओट्यावर बसवायचं काम माझं. अंगानं हलकी व्हती बिचारी, माझी कंबर कधी दुखली न्हाई.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, तिच्याबिगर पुढचं कळायचं न्हाई. बैलगाडी घाटाला लागली की गाडीतल्या मानसानं उतरायचं. म्हातारं उतरतं, पोटुशी उतरती, बाशिंग बांधलेला नवरदेवबी उतरतो. बैल वढतोय आन आपुन वर बसलोय, हे पाप. कुनी सांगावं लागत न्हाई, चढ दिसला की मानसं आपसुक खाली. आमच्या मुलखात आईच्या दुधासंगं पाजलेली गोष्ट हाय ती.

पाय गेल्यावर रतन एकदाच माहेरी गेली, भावाच्या गाडीतनं. मी संगं व्हते. घाट आला, समदे उतरले, मीबी उतरले. रतन एकटी वर. उन्हाचं बैल फेसाळले, एकानं गुडघे टेकले. गाडीवान त्याच्या पाठीवर हात फिरवून म्हनला, "चल रं राजा, आता एकच ओझं ऱ्हायलंय." मनात काही वाईट नव्हतं त्याच्या, बैलाशी बोलत व्हता. पन रतननं ते ऐकलं. पदर तोंडावर वढून घेतला आन घाट संपंस्तवर काढला न्हाई. त्या दिसापासून तिनं माहेराचं नाव टाकलं. तिची माय रुक्मिणीबाई, गुडघ्यांमुळं तिला खाली येऊन परत घाट चढवंना. मायलेकींमधी काय ते चार-पाच कोस, पन तीन सालं भेट न्हाई. रतन बोलायची न्हाई, पन नेकनूरच्या बाजाराहून कुनी आलं की आदी इचारायची, "वरलं कुनी भेटलं का?"

अशात आश्रुबाला मोटारीचं येड लागलं.

एका देशमुखाची जुनी टूरिंग मोटार लिंबाखाली पडून व्हती. इंजनातला दांडा तुटून पोट फोडून भाईर आलता. कोंबड्या तिच्या गादीवर अंडी घालायच्या. दुसरीकडं, कापसाच्या गाठी नेनारी एक लॉरी गेवराईच्या वाटंवर नाल्यात पालथी झालती. तिचा सांगाडा मोडला पन इंजन धडधाकट. दोनी एकाच कंपनीच्या. आश्रुबानं आपल्या वाटनीची बैलजोडी देऊन दोनी घरी आनल्या. मी लई बोंबलले. म्हनलं, "अरं, जिती बैलं देऊन दोन मढी आनली!" त्यो म्हनला, "हूं." पालथ्या घड्यावर पानी.

पन खोटं कशाला बोलू, त्या दोन मढ्यांतून त्यानं एक जिती मोटार उभी केली. लॉरीचं इंजन देशमुखाच्या मोटारीत बसवलं, मागं बाकडी ठोकली, वर ताडपत्री. दहा-बारा मानसं दाटीवाटीनं बसायची. एक दिस माजलगावच्या वाटंवर, एक दिस नेकनूरला, बाजार धरून. पहिल्यांदा पेठेतून निघाली तवा मी ओट्यावर उभी राहून नजर उतरवली. तोंडानं शिव्या देत व्हते, पन नजर उतरवली.

आता खरी भानगड. मोटारीच्या मागच्या आसाला मधी लोखंडाचं एक गोल पोट असतंय. त्यात दातांची दोन चाकं, एक बारकं, एक परातीएवढं. इंजन बारक्याला फिरवतं, बारकं मोठ्याला, आन मोठं गाडीच्या चाकांना. बारक्यानं किती येढे घातले की मोठं एकदा फिरतं, त्याच्यावर समदा खेळ. देशमुखाच्या मोटारीची जोडी व्हती पावनेचाराची. बारक्याचे पावनेचार येढे, गाडीच्या चाकाचा एक. लॉरीची जोडी साडेसहाची. मी एकदा म्हनलं, "मला कळंल असं सांग." त्यो ज्वारी निवडत बसलेल्या रतनकडं बघून म्हनला, "मुलखाची घाई असली तर पावनेचार. वझं मोठं असलं तर साडेसहा. दोनी एकदम मिळत न्हाई." आता येवढं तर आमच्या जात्यालाबी कळतंय.

पहिल्यांदा मोटारीत पावनेचाराचीच जोडी व्हती. सपाटीवर काय पळायची म्हनून सांगू! लॉरीचं इंजन धीम्या चालीचं, पन छातीचं. त्याला ही जोडी मिळाली आन माजलगावच्या काळ्या रानातून मोटार अशी जायची की बद्रीनाथाची मोटार धुळीत खोकत ऱ्हायची. बद्रीनाथ म्हंजे अड्ड्यावरचा दुसरा मोटारवाला, आमचा स्पर्धक. लोक त्याची सोडून आमच्यात बसायला लागले. घरात गूळ आला, रतनला नवं लुगडं आलं. मी मनात म्हनलं, बैलं गेली ते बरंच झालं.

पन घाटात तीच मोटार रडायची. भरलेली असली की दुसऱ्या वळनाला इंजन थरथर कापायचं आन गप व्हायचं. म्हनून आश्रुबा पाली गाव मागं पडलं की थांबायचा, मानसं आपसुक उतरायची, रिकामी मोटार त्यो धावत्या जोरावर एका दमात वर न्यायचा आन वर जाऊन वाट बघायचा. मानसं बोलत, इडी वढत, पायी यायची. कुनाचीच काही कागाळी न्हाई. बैलाला उतरायचं तसं इंजनाला उतरायचं, त्यात नवल काय?

एक दिस मी रतनला म्हनलं, "चल की गं माहेरी. आता घरची मोटार हाय."

तिनं जात्याचा खुटा सोडला. "घाटात उतरत्यात ना समदे?"

"उतरत्यात. वर गेल्यावर पुन्ना बसत्यात."

"आन तवर मी?"

"तू बसून ऱ्हायची. रानीवानी."

"म्हंजे तेच की, वन्सं. तवा बैल वढायचे, आता इंजन वढंल. आन समदे खालून बघतील."

"मंग रिकाम्या मोटारीतनं जाऊ. तू, मी आन आश्रुबा."

"माझ्या एकटीपायी मोटार जुपायची? त्ये तर अजून मोठं ओझं झालं." ती हसली, पन ते हसू मला बघवंना. "ज्या दिशी समदे बसून घाट चढतील ना, त्या दिशी मला न्या. त्या आदी मला कुनी इचारू नगा."

आश्रुबा दारात पाय धूत व्हता. त्यानं समदं ऐकलं. म्हनला, "हूं." आन तांब्या तसाच पालथा ठेवून आत गेला.

दुसऱ्या दिशी त्यानं अंगनात मोटार ठोकळ्यांवर चढवली आन मागचं पोट फोडलं.

पावनेचाराची जोडी काढून साडेसहाची बसवायची म्हंजे निस्तं काढलं-घातलं असं नसतंय. दात दाताला नेमका भिडला पाहिजे. जास्त दाबला तर तापून झडतो, ढिला ऱ्हायला तर आपटून झडतो. कुटं भिडतोय हे कळाया आश्रुबा काय करायचा, तर तेलात शेंदूर कालवायचा, दातांना लावायचा आन चाक फिरवायचा. जिथं घासलं तिथला शेंदूर निघून जायचा. मंग पत्र्याची चकती घाल, एक काढ, पुन्ना शेंदूर. हे जालन्यालाच शिकलेलं. पन शेंदूर आनला कुटून? आमच्या मारुतीच्या कोनाड्यातून! मी बघितलं आन मस्तकात तिडीक गेली. म्हनलं, "मेल्या, द्येवाचा शेंदूर मोटारीच्या ढुंगनाला लावतोस? द्येव कोपला म्हंजे?" त्यो वाकून दात बघत व्हता. वर न बघता म्हनला, "द्येवाला उरंल येवढा ठेवलाय."

तेवढ्यात आला म्हाळू. पाटोद्याकडचा म्हातारा मेंढपाळ, घोंगड्या इकाया बीडात यायचा आन आमच्याच मोटारीनं घाटावर जायचा. त्यानं मोटारीच्या पोटात बघितलं, शेंदूर फासलेली दोन चाकं दिसली, आन पायातलं पायतान काढून हात जोडले. मला म्हनला, "बाई, द्येव बसिवला का आत?" मी रागातच व्हते. म्हनलं, "हां, बसिवला!" त्यानं ते खरं धरलं. आमच्याकडं शेंदूर दिसला की इचारत न्हाईत कुनी, हात जोडत्यात. आठ दिसांत बाजारभर झालं की आश्रुबाच्या मोटारीत द्येव हाय. आश्रुबाला हे ठाऊकच नव्हतं आन मला वाटलं, बरंय, गिऱ्हाईक वाढंल.

अड्ड्यावर जवा कळलं की त्यानं कोनती जोडी काढून कोनती घातली, तवा बद्रीनाथानं कपाळाला हात लावला. त्यो वाईट मानूस नव्हता, खरंच काळजीनं म्हनला, "आश्रुबा, येड लागलं का बे? माजलगावच्या वाटंवर तुला टांगे मागं टाकतील. मोटार पळाया असती का चढाया?"

मीबी घरी तेच तोंड सोडलं. त्यो ऐकून घ्यायचा. एकदाच बोलला. म्हनला, "आक्का, सपाटीवर उशीर व्हतो. घाटात मानूस उतरतो. उशिरानं कुनाचं काय जातंय?" मी म्हनलं, "पोटाचं जातंय!" तेबी खरंच व्हतं. माझी बाजू चुकीची नव्हती, आजबी मी तेच म्हनते.

मंग त्यानं दोनदा दगडं भरून मोटार घाटावर नेऊन बघितली. कुटं थांबली न्हाई. आन बाजाराच्या दिशी सकाळच्या पारी रतनजवळ येऊन उभा ऱ्हायला. "चल," म्हनला. "आज समदे बसून जातील."

रतननं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलवली. तिनं नवं लुगडं नेसलं, मायसाठी शिवलेली गोधडी बांधून घेतली. मी तिला उचलून मधल्या बाकड्यावर बसवलं आन शेजारी बसले. मोटार गच्च भरली. म्हाळू समोरच, मांडीवर घोंगडीचं गठुडं. निघायच्या आदी आश्रुबानं पाठीमागं वळून समद्यांना बजावलं, "आज घाटात कुनी उतरायचं न्हाई. ही जोडी चढाची हाय. चढंल." लोकांनी माना हलवल्या. आमच्या लोकांचं मान हलवनं म्हंजे काय, तुमाला ठाऊक हाय.

पाली मागं पडली. चढ लागला. आश्रुबानं दांडा वढून पहिल्या चालीवर घेतली आन मोटारीचा सूर बदलला. घुं घुं करत, मानसाच्या पावलानं, पन न थांबता चालली. पहिलं वळन गेलं. रतनची बोटं माझ्या मनगटात रुतली व्हती. मी म्हनलं, "बघ, चढतीया."

तेवढ्यात म्हाळू उठला. "वरडतंय बिचारं," म्हनला, आन चालत्या मोटारीतून टुनकन खाली. त्याच्यामागं दुसरा, मंग तिसरा. मोटार चालतीया पावलानं, उतराया काय लागतंय? पापनी लवायच्या आत अख्खी मोटार रिकामी! बाया, पोरं, गठुडी, समदी वाटंवर, आन मोटारीच्या दोनी बाजूंनी चालाया लागली, कड्यांना हात लावून, ढकलल्यासारखं करत. कुनी म्हनलं, "द्येव हाय आत, त्याच्या डोक्यावर कसं बसावं?" वर ऱ्हायल्या रतन आन मी.

रतननं पदर तोंडावर घेतला.

आश्रुबानं ते आरशात बघितलं आसंल. त्यानं करकचून ब्रेक लावला, उतरला, चाकाखाली धोंडा घातला आन भर घाटात उभा ऱ्हायला. जल्मात मी त्याला वरडताना ऐकलं नव्हतं. त्या दिशी ऐकलं.

"बसा बे! कुनी सांगितलं उतराया? दमली न्हाई ती, तिचा आवाजच तसा हाय!"

"आवाज न्हाई रं, कन्हतंय ते," म्हाळू म्हनला. "मुकं हाय म्हनून काय झालं?"

"मुकं न्हाई, लोखंड हाय! लोखंडाला काय दुखतंय?"

"मंग शेंदूर कशाला लावलास आत? मी माझ्या डोळ्यानं बघितलाय."

आश्रुबा दात, चकत्या, घासनं सांगाया लागला. पन कोन ऐकतंय! म्हातारा हटून बसला की द्येव असलेल्या गाडीत चढाला बसनार न्हाई, अख्ख्या घोंगड्या पान्यात गेल्या तरी बेहत्तर. बाकीचे त्याच्या बाजूनं. आश्रुबाबी हटला. "मोटार चढंल तर भरलेली चढंल. न्हाईतर इथंच गंजून जाऊ द्या." वरून आलेली एक बैलगाडी खोळंबली. गाडीवान शिव्या द्यायला लागला. मला वाटलं, संपलं. पोरीला पुन्ना त्याच घाटात आनून बसवली आपुन.

तवा रतननं पदर काढला.

"म्हाळूमामा," ती म्हनली. समद्यांना ऐकू गेलं. "मला पाय न्हाईत. मला उतरता येत न्हाई. तुमी समदे उतरला ना, की मी एकटीच ओझं उरते. तीन सालं मी मायला बघितलं न्हाई, ह्याच्यापायी. ह्यांनी ही मोटार माझ्यासाठी बदलली. इंजनाची दया करता, तशी माझी करा. बसा."

म्हाळू तिच्याकडं बघत ऱ्हायला. त्याचे डोळे भरून आलते. म्हनला, "पोरी, आमी तुझ्याकडं बघितलंच न्हाई गं. आमी गाडीकडंच बघत व्हतो."

मंग त्यो मोटारीच्या म्होरं गेला, वाकला आन पाया पडाया दोनी हात तिच्या तोंडाला लावले. ते इंजनाच्या उकळत्या पान्यानं तापलेलं तोंड! हात असे पोळले की म्हातारा तिथंच नाचाया लागला. "कोपला, कोपला!" म्हनून एक बाई वरडली. पन म्हाळू बोटं फुंकत म्हनला, "कोपू दे. माफी मागितलीया मी." आन चढून आपल्या जागेवर बसला. त्यो बसला तसे समदे बसले.

आश्रुबानं धोंडा काढला. मोटार घुं घुं करत निघाली. आन काय सांगू बाई, कसे बसले व्हते ते! श्वास धरून, अंग चोरून, जसं काही हलकं बसलं की वजन कमी व्हतंय. म्हाळूनं गठुडं मांडीवरनं उचलून सोताच्या डोक्यावर घेतलं, तेवढंच मोटारीला बरं! मला हसू फुटलं. रतननं बघितलं आन तीबी हसली, पहिल्यासारखी, खळखळून. मंग समदी मोटार हसाया लागली. एक शेळ्यावाला शेळ्या घेऊन आमच्या म्होरून निघून गेला इतकी ती हळू चालली व्हती, पन चालली व्हती. दुसरं वळन गेलं, तिसरं गेलं, कपिलधारकडची झाडी खाली दिसाया लागली. आन वर माथ्यावर वारं लागलं.

रुक्मिणीबाई फाट्यावर कांबळं टाकून बसली व्हती. कुनीतरी आदीच निरोप दिलता. मी रतनला उचलून तिच्याजवळ बसवलं. दोघींनी एकमेकींची तोंडं हातांत धरली. मी, दगडाबाई, पदरात तोंड खुपसून रडले. घ्या. आन मोटारीतलं कुनीबी बाजाराला उशीर व्हतोय म्हनलं न्हाई.

गोष्ट इथं संपाया पाहिजे व्हती. पन पोट असतंय ना मागं.

माजलगावच्या वाटंवर बद्रीनाथ म्हनलता तसंच झालं. इंजन बोंब मारायचं आन मोटार रांगायची. गिऱ्हाईक फिरलं. घरातला गूळ संपला. मी रोज म्हनायचे, "आता पोरगी माहेरी जाऊन आली, घाल ती पावनेचाराची परत." नेकनूरच्या फेऱ्या मात्र वाढल्या. आन त्या फेऱ्यांत वेगळीच मानसं दिसाया लागली. एक लंगडा सोनार, दहा सालांत घाट चढला नव्हता. एक बाळंतीन, कमरेला बांधलेली. एक आंधळा, सोबत नात. पोट सुजलेला एक मानूस, त्याला दवाखान्याला खाली आनून पुन्ना वर न्यायचं व्हतं. घाटाच्या दोनी अंगांना इतकी न उतरता येनारी मानसं हायत, हे आमाला कुटं ठाऊक व्हतं! ती घरातच व्हती समदी. वाटंवर दिसतच नव्हती, मंग मोजनार कोन?

तरी एक दिस रतनच म्हनली. ती चुलीम्होरं भाकरी थापत व्हती, त्यो हात धुऊन येऊन बसला व्हता. म्हनली, "अवो, ती पावनेचाराची बसवा आता. माझं झालं मनासारखं. तुमी माझ्यापायी किती दिस मागं ऱ्हानार?"

"दिली," त्यो म्हनला.

"कुनाला?"

"बद्रीनाथाला. त्याच्या मोटारीचे दात झडले व्हते. त्याला बसती."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "अरं, पायावर कुऱ्हाड मारून घेतोस! स्पर्धकाला दिली? आन फुकट?" त्यानं माझ्याकडं बघितलं न्हाई. रतनकडं बघत व्हता. आन मंग माझा भाऊ जल्मातलं सगळ्यात लांब बोलला.

"परवा पालीला एक म्हातारी वाटंला बसली व्हती. मंजुळाबाई. पोरांनी खांद्यावर आनलेली. मोटार थांबवली तर चढंना. म्हनली, 'आदी सांग. तुझ्या मोटारीत उतरावं लागत न्हाई म्हनत्यात, ते खरं हाय का? का चढवता आन मंग घाटात उतरवता? लेक वर दिलीया माझी. उतरावं लागनार आसंल तर आताच सांग, मी घरी जाते.' मी म्हनलो, खरं हाय, उतरावं लागत न्हाई. म्हनली, 'मंग बाजारच्या दिशी येते.' आता ती जोडी घरात ठेवून काय करू? घरात असली, आन एखादा महिना वाईट गेला, की बसवाविशी वाटंल मला."

रतननं पुढची भाकरी थापाया घेतली.

"बाजारच्या दिशी त्या मंजुळाबाईला माझ्या शेजारी बसवा," ती म्हनली. "म्हातारीला घाटात भ्या वाटंल."